जसंच्या तसं वाचा

८ जुलै

आत्या,

पाया पडते, पण आज जरा रागातच. राग तुझ्यावर नाही, तुला ऐकवायचा मात्र आहे. फोनवर तू "मी बरी आहे, तू बरी आहेस ना, ठेवते" एवढ्यात मला वाटेला लावतेस, म्हणून हे पत्र.

यंदा मला तिसरीचा वर्ग दिलाय. अडतीस मुलं. त्यात वरून नवा कार्यक्रम आलाय. मुलांना आवाजावरून अक्षर शिकवायचं, शब्दांच्या पाठीमागचा अर्थ शिकवायचा आणि स्वतःचं मत लिहायला शिकवायचं. कागदावर वाचलं तेव्हा मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वर्गात गेले आणि हात खाली आले.

पहिल्याच दिवशी म्हटलं, "‘चार’ म्हणा. आता ‘चारा’ म्हणा. काय फरक वाटला?" एकीनं विचारलं, "बाई, अक्षर एकच आहे तर आवाज दोन कसे?" मी म्हटलं, "तसंच असतं." बारा वर्षं शिकवतेय आणि माझं उत्तर काय, तर तसंच असतं!

दुसऱ्या आठवड्यात ‘डोकं खाणे’ घेतलं. एक पोरगा काळजीत पडून म्हणाला, "आजी मला रोज म्हणते. म्हणजे मी किती खाल्लं असेल?" मत लिहायला सांगितलं तर सगळ्यांच्या वह्यांत एकच वाक्य, "शाळा छान आहे कारण बाई छान आहेत." एकानं तेवढं खरं लिहिलं, "मला मत नाही. आईला विचारून सांगतो." मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रोज दारात तक्ता घेऊन उभ्या. किती मुलांना किती आलं, रकाना भरा.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. वर्गात एक मुलगी आहे. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. बोलायला लागली की मोठ्या बाईंनाही गप्प करते. पुस्तक दिलं की घडाघडा वाचते. इतके दिवस मला वाटत होतं, वर्गातली सगळ्यात हुशार हीच.

परवा तिच्या पुस्तकाची दोन पानं चिकटली होती. ती बोट भलत्याच पानावर ठेवून आधीचाच धडा शेवटपर्यंत म्हणत गेली. पाठ होता सगळा! मी फळ्यावर ‘घर’ लिहिलं. तिनं फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, पाणी पिऊन येऊ?" आत्या, तिसरीतल्या मुलीला ‘घर’ वाचता येत नाही आणि तिनं ते दोन वर्षं लपवलंय.

खरं सांगू? तिचं तोंड बघून मला दादा आठवला. तुझ्या वर्गात होता तेव्हा तोही असाच सारखा पाणी प्यायला जायचा. तू छत्तीस वर्षं शिकवलंस. अशा मुलाला नेमकं काय होतं? दिसत नाही, ऐकू येत नाही, की आणखी काही? दादाच्या बाबतीत काय चुकलं? भांडायला विचारत नाही, शिकायला विचारतेय. याचं उत्तर नक्की दे.

तुझी,
चिंगी

*

१९ जुलै

चिंगे,

पत्र पोचलं. ह्यांनी चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवलं. हल्ली ह्यांना ती हौस लागली आहे. मीही म्हटलं, वाचा, तेवढंच तोंड चालतं राहील.

डोकं खाणाऱ्या पोराला माझ्याकडून शाबासकी दे. तो विचार करतो. ‘चार’ आणि ‘चारा’चं उत्तर तू कशाला देतेस? त्यांना दोन्ही शब्द हळू म्हणायला लाव आणि जीभ कुठं टेकते ते त्यांनाच सांगू दे. आपल्याला माहीत नसलं तर माहीत नाही म्हणावं. मी हे उशिरा शिकले.

मत हवं असेल तर शाळा कशी आहे असं विचारू नकोस. त्याला बिचारी मुलं दुसरं काय उत्तर देणार? झोपाळा एक आणि मुलं दोन, आधी कोणी बसायचं, असं विचार. भांडू दे. भांडण झालं की ‘कारण’ आपोआप येतं.

रोज दहा शब्दांचं श्रुतलेखन घे. ते सोडू नकोस. रोज दहा शब्दांचं श्रुतलेखन घे म्हणजे हात बसतो.

आणि ती भिंगरी हुशार दिसते. घडाघडा वाचते म्हणतेस, तर तिला रोज पुढं उभी कर आणि धडा मोठ्यानं वाचून घे. बाकीच्यांना चाल मिळेल.

माझी तब्येत उत्तम. काळजी करू नये.

आत्या

*

१ ऑगस्ट

आत्या,

तू माझं पत्र वाचलंस तरी का?

मी लिहिते, मुलीला वाचता येत नाही. तू लिहितेस, तिला पुढं उभी करून वाचून घे! मी दादाबद्दल विचारते, तर एक अक्षर नाही. श्रुतलेखनाचं वाक्य दोनदा. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. तुझ्या अक्षराचे नमुने शाळेच्या भिंतीवर लावायचे, आत्या. इतकी घाई होती तर लिहायचं नव्हतंस. ह्यांनी वाचलं म्हणे चहाबरोबर! माझं पत्र काय बिस्किट आहे?

जिभेचं मात्र पटलं. पोरं अर्धा तास ‘चार, चारा’ करत होती, आणि शेवटी त्यांनी शोधून काढलं की एका शब्दाला जीभ दातांजवळ जाते आणि दुसऱ्याला मागं सरकते. झोपाळ्यावरून तर मारामारी व्हायची वेळ आली. तेवढ्यापुरते तुझे आभार.

आता पुढचं ऐक. गेल्या गुरुवारी मोठ्या बाई वर्ग तपासायला आल्या. त्यांनी भिंगरीलाच उठवलं आणि न झालेला धडा उघडला. मी म्हटलं, तो अजून झाला नाही. "म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. भिंगरीनं पानावरचं चित्र बघितलं. चित्रात एक बोट होती. तिनं बोटीची गोष्ट सुरू केली, वादळ काय, बुडणारा खलाशी काय, वर्ग अगदी चिडीचूप. ती थांबल्यावर मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "छान. आणि हे कुठं लिहिलंय, बाळ?" वर्ग फुटला. हसून हसून बाकं वाजवली कार्ट्यांनी. भिंगरी बाकाखाली जाऊन बसली ती घंटा होईपर्यंत. तेव्हापासून दोन दिवस शाळेत आली नाही.

मोठ्या बाईंचा निकाल, "आळशी आहे. घरी कोणी बघत नाही." आईला बोलावलं. ती कपड्यांना काज-बटणं करते, सुई ब्लाउजला टोचलेली तशीच पळत आली. म्हणाली, "घरी तर सगळं पुस्तक वाचते की!"

रविवारी दादाकडे गेले होते. तो अंगणात फरशी कापत होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "तिला उभी करू नका. बस." आणि मशीन चालू केलं, म्हणजे माझं पुढचं ऐकायला नको.

आत्या, मला उत्तर हवंय.

चिंगी

*

१२ ऑगस्ट

चि. चिंगीस,

हे पत्र मी तुझ्या आत्याच्या नकळत लिहितो आहे. ती शेजारच्या आजींकडे गेली आहे, तेवढ्या वेळात उरकतो. मी आयुष्यभर कंपाउंडरकी केली, डॉक्टरांची अक्षरं वाचली. तुझं पत्र वाचणं मला अवघड नाही. मोठ्यानं वाचणं अवघड झालं.

मे महिन्यात तुम्हाला कळवलं होतं ना, की आत्याला चक्कर आली? ती नुसती चक्कर नव्हती. मेंदूत रक्ताची बारीक गाठ अडकली होती. आठ दिवस दवाखान्यात होती. हात-पाय चांगले, बोलणं स्वच्छ, सगळ्यांना ओळखते, फक्त एका बाजूचं जरा कमी दिसतं. सुटलो म्हणून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेपर उघडला आणि मला म्हणाली, "आज कुठल्या भाषेतला पेपर टाकून गेलाय हा?"

तिला वाचता येत नाही, बाळ. लिहिता येतं, पण वाचता येत नाही. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. लिहिण्याची वाट उघडी राहते आणि वाचण्याची बंद होते. तिनं वाण्याची यादी लिहिली आणि तासाभरानं तीच यादी टेबलावरून उचलून मला विचारलं, "हे कुणाचं अक्षर?" मी सांगितलं, तुझं. त्या दिवशी ती जेवली नाही.

कोणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली आहे. जिनं गावाला वाचायला शिकवलं तिनं कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणते.

तुझ्या पहिल्या पत्रात त्या मुलीला वाचता येत नाही हे आलं आणि माझी जीभ अडली. तेवढं गाळलं. दादाचंही गाळलं. ते नाव घरात निघालं की ती दोन-दोन दिवस गप्प असते. दुसरं पत्र तर निम्मंच वाचलं आणि शेवटी "बाकी सगळं ठीक" असं पदरचं घातलं. म्हणून उत्तरं अशी वेडीवाकडी आली. चूक तिची नाही.

माझ्यावर रागावशील, ते बरोबरच आहे. पण तिला कळू देऊ नकोस.

आतोबा

*

२० ऑगस्ट

आत्या,

हे पत्र आतोबा तुला वाचून दाखवतील. आतोबा, जसंच्या तसं वाचा. एक शब्द गाळायचा नाही, पदरचं काही घालायचं नाही. जिथं मी चिडलेय तिथं आवाज चढवा.

आत्या, मला सगळं कळलंय. आतोबांनी सांगितलं. शपथ मोडली, बरं केलं. त्यांच्यावर तोंड टाकू नकोस. टाकायचं तर माझ्यावर टाक, मी सहा तासांच्या अंतरावर आहे, सोसेन.

त्यांनी तुला माझ्या पत्रातलं काय वाचलं नाही ते आता ऐक. भिंगरीला वाचता येत नाही. एक शब्दही नाही. ती पाठांतरावर निभावते आणि अडली की पाणी प्यायला जाते. मी तुला विचारलं होतं की अशा मुलाला होतं काय, आणि दादाच्या बाबतीत आपलं काय चुकलं. आज पुन्हा विचारते.

तुझं कळल्यावर मी रडले. मग चिडले. "तब्येत उत्तम" म्हणे! मी आठ वर्षांच्या पोरीला रोज समजावतेय, अगं, येत नाही हे सांगायला लाजायचं नसतं, आणि माझी आत्या साठीच्या पुढं जाऊन तेच करतेय. तू पण पाणी प्यायलाच गेलीस की!

भिंगरी परत यायला लागलीये, पण माझ्याकडे बघत नाही. मी विचारलं, "अक्षराकडे बघतेस तेव्हा काय होतं?" तर म्हणाली, "काही नाही." तिला सांगता येत नाही, आत्या. ती लहान आहे. तुला सांगता येईल. आत काय होतं, ते मला जगात तूच सांगू शकतेस. औषधाचं, डॉक्टरांचं आतोबा बघतील. तू मला हे सांग.

थांबा आतोबा, दादाचं वाक्य पुन्हा वाचा.

चिंगी

*

३ सप्टेंबर

चिंगे,

पत्र वाचता वाचता हे तीनदा पाणी प्यायला उठले. मग मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण वाचून दाखवायला घरात दुसरं कोणी नाही. बघ, काय दिवस आलेत.

तू विचारलंस, काय होतं. अक्षर दिसतं. अगदी स्वच्छ दिसतं. चष्म्याचा दोष नाही. काना दिसतो, वेलांटी दिसते, पण त्यातून आवाज येत नाही. काचेपलीकडून माणूस काहीतरी बोलतोय, ओठ हलताहेत आणि आपल्याला ऐकू येत नाही, तसं. आणि मग शेजारी बसून हे म्हणतात, "अगं, जरा लक्ष देऊन बघ ना!" चिंगे, मला ह्यांना पेला फेकून मारावासा वाटतो. लक्ष देऊनच बघतेय! लक्षाशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय?

‘लक्ष देऊन बघ’ हे वाक्य मी स्वतः छत्तीस वर्षं म्हणत आले.

आता कामाचं. एक गोष्ट सापडली आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मीच पूर्वी नावं लिहून चिकटवली आहेत. त्या दिवशी चहात मीठ पडलं. संतापून मी डब्यावर बोट आपटलं आणि रागारागानं अक्षरावरून फिरवलं. बोट फिरलं आणि तोंडातून ‘मी’ निघालं. पुढं फिरवलं, ‘ठ’. डोळ्याला जे कळत नव्हतं ते बोटाला माहीत होतं! मी उभ्या उभ्या सगळे डबे वाचून काढले. दीड तास लागला. आता पेपरचे मथळे गिरवते. चार ओळींना सकाळ जाते आणि मान आखडते, पण जमतं. लहान अक्षर अजून जमत नाही.

त्या मुलीला हे करून बघ. अक्षर पंजाएवढं मोठं, खरखरीत, बोटाला लागेल असं. बोट फिरवतानाच तोंडानं आवाज. आधी आवाज आणि बोट, डोळा मागून येऊ दे. तिचं दुखणं माझंच आहे असं मी म्हणत नाही, आणि चालेलच असंही नाही. पण एक सांगते, ते चारचौघांत नको. माणसांसमोर माझं बोटही अडतं.

दादाचं. ह्यांनी वाक्य दोनदा वाचलं, तू सांगितलंस तसं.

धड्यात ‘पाऊलवाट’ शब्द होता. तो ‘पा’वर अडला. मी त्याला अर्धा तास उभा ठेवला. घरचा म्हणून जास्त, लोक म्हणायला नकोत की भाच्याला सोडलं. मग मी म्हटलं, "शिक्षिकेच्या घरात हा दगड कुठून आला?" वर्ग हसला. मीही हसले, चिंगे. हे मी विसरले होते. म्हणजे विसरले असं धरून चालले होते.

त्यानंतर तो माझ्यासमोर कधी वाचला नाही. सातवीत शाळा सोडली तेव्हा तुझ्या बाबांना मीच म्हटलं, आळशी आहे, कामाला लावा.

हे मी काय लिहिलं ते मला परत बघता येत नाही. तसंच पाठवते.

आत्या

*

११ ऑक्टोबर

आत्या,

आतोबा, नमस्कार. हे सावकाश वाचा, लांबलंय.

तुझं पत्र आलं आणि मी दादाकडे गेले. तुझं काहीच बोलले नाही, एवढंच म्हटलं की मोठी खरखरीत अक्षरं हवीत, पुठ्ठ्यावर वाळू चिकटवून बघितली पण गळते. चार दिवसांनी वहिनी दारात पिशवी ठेवून गेली. उचलली तर खांद्याला रग लागली. फरशीचे उरलेले तुकडे घासून कोपरे गोल केलेले आणि त्यांवर पॉलिश पेपरची अक्षरं कापून बसवलेली. सगळी मुळाक्षरं, वर काने, मात्रा, वेलांट्या वेगळ्या. फोन केला तर म्हणाला, "‘भ’ आणि ‘म’ला वेगळे रंग दिलेत. ते फसवतात." ते त्याला कसं माहीत, हे मी विचारलं नाही.

खेळाच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या गाद्या आणि हवा गेलेले चेंडू बाजूला सारून, मधल्या सुट्टीत मी आणि भिंगरी बसतो. वीस मिनिटं. चार आठवड्यांत सोळा अक्षरं, काना आणि अर्धवट वेलांटी-उकार-मात्रा. बस, एवढंच. काल आलेलं आज जातं. एकदा तिनं ‘ध’ लाथेनं उडवला, कोपरा फुटला. मी ओरडले, मग मीच बाहेर जाऊन उभी राहिले. तुझ्याइतका धीर माझ्यात नाही आणि तुझ्यात तरी होता का, हे आता तूच सांगितलंयस.

एक दिवस ती आपणहून म्हणाली, "बाई, सगळे वाचत असतात ना, तेव्हा माझ्या डोक्यात कोणीतरी खुर्च्या सरकवतं." शब्दांच्या पाठीमागचा अर्थ शिकवून मी थकले, अडतीस मुलांत हे एक वाक्य मिळालं. ते तक्त्यात कुठल्या रकान्यात भरू?

मग परीक्षा आली. मत लिहा, विषय ‘माझ्या शाळेतील मला आवडणारी गोष्ट’. तिनं अर्धा तास जीभ बाहेर काढून, बाकावर बोटानं गिरवत गिरवत लिहिलं. जसंच्या तसं लिहिते:

"माज मत. मोट्यान वाचाला उब करू नय. कारन पोटात दुकत. आनि यत त पन जात."

आत्या, तिनं लिहिलं! माझ्या डोळ्यांपुढची वही हलायला लागली.

मोठ्या बाईंनी शून्य दिलं. मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"विषय सोडून लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि शुद्धलेखन बघा."

"मत मागितलं, कारण मागितलं. तिनं दोन कारणं दिलीत. बाकीच्या सदतीस जणांनी माझं मत लिहिलंय, बाई. हिनं हिचं लिहिलंय."

"हे मी वर दाखवू कशी?"

"दाखवायचं नसेल तर शिकवायचं कशाला?"

"तुम्ही दमलाय," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी मागवू?"

शून्य राहिलं. एवढंच नाही, पुढच्या सत्रापासून तिला दुसरीत बसवणार आहेत. तिच्या आईनं सही केली. मला म्हणाली, "तुम्हीच हिला शिकवते म्हणाला होतात ना, बाई?" भिंगरीनं वेगळंच विचारलं. "माझं मत चुकलं का?" म्हटलं, नाही, बरोबर आहे. "मग शून्य का?"

तुझ्याकडे उत्तर असलं तर कळव. माझ्याकडे नाही आणि मी तिला तसंच सांगितलं. मधली सुट्टी मात्र माझी आहे. ती दुसरीत बसो नाहीतर कुठंही बसो, वीस मिनिटं ती माझ्याकडे येणार. माझ्या वर्गात आता कोणालाही एकट्याला उभं करून वाचायला लावत नाही. मोठ्या बाईंनी लेखी कारण मागितलंय. मी भिंगरीचं वाक्य शुद्ध करून दिलं.

चिंगी

*

२४ ऑक्टोबर

दादा,

सगळे तुला दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. तू माझं पत्र फाडून टाकशील तर मला कळणार नाही, आणि ते चालेल.

माझं काय झालंय ते चिंगीनं सांगितलं असेल. मी लिहिलेलं मला परत वाचता येत नाही. त्यामुळे हे खोडता येत नाही आणि सुधारता येत नाही. तुझ्या आतोबांनाही दाखवलेलं नाही. जे कागदावर पडेल ते पडेल.

तू आळशी नव्हतास. तू दगड नव्हतास. तुला अक्षर दिसत होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. तू लक्ष देत होतास, सगळ्यात जास्त तूच देत होतास. हे मला तेव्हा कळलं नाही आणि कळून घ्यायची मला गरजही वाटली नाही, कारण बाकीची मुलं वाचत होती आणि माझं नाव चांगलं होतं. दोष माझ्या शिकवण्यात होता. तो मी तुझ्या गळ्यात बांधला.

हे वर्गासमोर सांगायला हवं होतं. आता वर्ग नाही. म्हणून हे पत्र वाटेल त्याला दाखव. तुझ्या बायकोला दाखव, मुलीला दाखव, कामावरच्या माणसांना दाखव. खाली माझी सही आहे.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की उत्तर देणं तुझ्यावर येतं. तुझ्यावर काही नाही.

फरशीवरची अक्षरं तू केलीस असं चिंगीनं कळवलं. ‘भ’ आणि ‘म’चं मला छत्तीस वर्षांत सुचलं नाही.

आत्या

*

१९ नोव्हेंबर

आत्या

तुझं पत्र वाचायला मला चार दिवस लागले. बायको म्हनाली मी वाचून दाखवते. नको म्हटलं. चिंगी म्हनाली उत्तर मी तपासून देते. तिलापन नको म्हटलं. चूका असतील.

हे आतोबांना वाचायला देऊ नको. अक्षरं मोठी काढली आहेत आणि पेन दाबून लिहिलं आहे. बोटाला खाच लागेल. तू वाच. वेळ लागूदे.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. मला माहीत होतं. पन कोनीतरी म्हनायला पाहीजे होतं.

एक तुला माहीत नाही ते सांगतो. माझी मुलगी पुस्तक घेऊन आली की मी उठून बाहेर जातो. काहितरी काम काढतो. आता ती येत नाही, आईकडेच जाते. तुझा तो अरधा तास अजून संपला नाही. हे तुला कळावं म्हनून लिहिलं.

तुझं पत्र मुलीला दाखवलं. तिनं वाचलं. रातरी तिचं पुस्तक माझ्या उशाशी ठेऊन गेली. अजून उघडलं नाही. बघू.

आतोबांचा फोन आला होता. तुझ्या मोरीतली फरशी हलते म्हनाले. तुला एका बाजूचं नीट दिसत नाही, पाय अडकेल. रविवारी पहिल्या बसनं येतो. सामान माझं मी आनतो, फकत सिमेंट आनून ठेवा. बोलायला माझ्याकडे काही नाही. काम करून संध्याकाळी जाईन.

राग आहे. तो घरी ठेऊन येनं जमनार नाही. बरोबरच येईल. चहा टाक.

दादा